तरतूदकाका

तरतूदकाकांच्या स्कूटरवर मागे बसून शहर पाहावं. बाकीची माणसं गाव दाखवताना इथे पूर्वी विहीर होती, तिथे अमक्यांचा वाडा होता असं सांगतात. काका सिग्नलला थांबतात, डावा पाय टेकवतात आणि मान न वळवता नुसत्या हनुवटीने खूण करून म्हणतात, "ते विरंगुळा केंद्र दिसतंय ना, निळ्या पत्र्याचं? ते पेरोल."

"काय?"

"पेरोल मॉड्यूल. २००९-१० चं."

पुढच्या चौकात कारंजं आहे. ते उडत नाही, पण आहे. "हे स्टोअर्स आणि खरेदी." मग नदीकडे उतरणारा पेव्हिंग ब्लॉकचा रस्ता. "मालमत्ता कर, टप्पा एक. टप्पा दोन पलीकडच्या प्रभागात होता, तिथले ब्लॉक उखडले." स्मशानभूमीच्या कुंपणभिंतीपाशी मात्र ते गाडी जरा हळू करतात. "ही जन्म-मृत्यू नोंदणी. मुद्दाम नाही हं केलं कुणी. योगायोग."

आमच्या महापालिकेने आजवर स्वतःसाठी जे जे सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं ते असं शहरभर पसरलेलं आहे. नागरिक त्यावर बसतात, त्यावरून चालतात, त्याच्या कडेला गाड्या लावतात. नाही ते फक्त महापालिकेच्या कार्यालयात. तिथे १९९५ साली लिहिलेलंच चालू आहे आणि ते चालू ठेवणारा माणूस म्हणजे काका.

महापालिका कुठली ते सांगत नाही. ओळखीची वाटली तर ती तुमच्याच गावची असेल.

मस्टरवर काकांचं नाव वेगळं आहे, पण ते फक्त मस्टरवर. १९८९ साली लिपिक-टंकलेखक म्हणून लागले. पहिला संगणक आला तेव्हा त्याला हात लावायला कुणी धजेना, म्हणून सगळ्यांत कनिष्ठ माणसाला पुढे केलं. तेव्हापासून ते पुढेच आहेत. हुद्दा संगणक विभागप्रमुख, पण त्यात 'प्रभारी' हा शब्द आहे. सिस्टीम मॅनेजरचं पद आकृतिबंधात आहे, आकृतिबंध मंजुरीसाठी मंत्रालयात नगरविकास विभागाकडे आहे आणि काका खुर्चीत आहेत. आयुक्त आले, गेले. प्रभारी मात्र कायम.

अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. खिशात दोन पेनं आणि एक घडी घातलेला कागद, जो अंदाजपत्रकाच्या पुस्तकातलं एक पान असतो. गळ्यात दोरीला पेन ड्राइव्ह. त्यात काय आहे असं एकदा विचारलं तर म्हणाले, "महापालिका."

त्यांच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागतात. पूर्वी संगणकाच्या खोलीत धूळ नको म्हणून सगळीकडेच तसा दंडक होता. बाकी जगात तो कधीच संपला, इथे टिकला, कारण नंतर नंतर लोकांना त्यामागे काही धार्मिक कारण असावं असं वाटू लागलं. खंडेनवमीला सर्व्हरला झेंडूचा हार, हळदकुंकू आणि समोर दोन पेढे. एसी फक्त आयुक्तांकडे आणि सर्व्हरकडे. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये निम्मा लेखा विभाग डबे घेऊन इथेच जेवायला असतो. सर्व्हरच्या पाठीमागे लोणच्याची एक बरणी सार्वजनिक आहे.

आता त्या प्रणालीविषयी. ती फॉक्सप्रोमध्ये आहे. फॉक्सप्रो म्हणजे नव्वदच्या दशकात आपल्या देशातली अर्धी दुकानं, बँका, साखर कारखाने आणि पतपेढ्या ज्यावर चालत ते डेटाबेसचं साधन. मायक्रोसॉफ्टने त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००४ साली काढली आणि २०१५ च्या जानेवारीत त्याची सगळी साथ सोडली. आमच्या महापालिकेला कुणी सोडून गेल्याचं दुःख होत नाही, कारण ते कळायला आधी पत्र यावं लागतं आणि ते आवक-जावकला चढावं लागतं.

प्रणाली उघडली की निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक यादी येते. एक, मालमत्ता कर. दोन, पाणीपट्टी. तीन, जकात.

जकात आमच्या गावातून केव्हाच गेली. तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना तोही माफ झाला आणि २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आल्यावर उरलासुरलाही संपला. नाक्यांच्या जागी आता वडापावच्या गाड्या आहेत. पण पडद्यावरचा तीन नंबर जिवंत आहे. मी विचारलं, "काका, हा काढून का टाकत नाही?"

"काढला तर चार नंबरचा तीन होईल."

"मग?"

"मग जन्मदाखला मागायला आलेल्या माणसाला आमचा ऑपरेटर पाचव्या ओळीतलं भलतंच काहीतरी देईल. त्याला कुठे काय लिहिलंय ते वाचायची सवय नाही. बोटांना आकडे पाठ आहेत. आणि समजा, जकात परत आली तर?"

या शेवटच्या वाक्यावर हसू नये. महापालिकेच्या लेखा विभागात जकात हा अजूनही गहिवराचा विषय आहे. रोजच्या रोज रोख येणारा पैसा गेला आणि दर महिन्याला शासनाकडून येणाऱ्या अनुदानाच्या तारखेकडे डोळे लावून बसायची वेळ आली, हे दुःख त्या पिढीने पचवलेलं नाही.

दुसरी गंमत अक्षरांची. विंडोजवर आल्यावर करदात्यांची नावं सी-डॅकच्या 'योगेश' या फॉन्टात टाइप झाली. युनिकोडच्या आधीच्या काळातला फॉन्ट. तो ज्या संगणकात नाही तिथे तोच मजकूर इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि चित्रविचित्र खुणा असा दिसतो. एकदा सल्लागार कंपनीचा एक तरुण लॅपटॉपवर फाइल उघडून बराच वेळ गंभीर बसला आणि शेवटी हलक्या आवाजात म्हणाला, "सर, हा डेटा एन्क्रिप्टेड आहे का?"

"नाही," काका म्हणाले, "मराठी आहे."

हे सगळं बदलायला हवं हे काकांइतकं कुणालाच पटलेलं नाही. महापालिकेत त्याविषयी दुमतही नाही. अडचण फक्त पैशांची, आणि पैशांचीही नाही खरं तर, कारण पैसे दरवर्षी असतात. त्यामुळेच काकांना हे नाव पडलं. कुणीही, कधीही विचारा, "काका, नवीन सॉफ्टवेअरचं काय झालं?" उत्तर ठरलेलं. खिशातला कागद बाहेर येतो, घडी उलगडते, बोट एका ओळीवर टेकतं. "तरतूद आहे."

आहेच. 'एकात्मिक संगणक प्रणाली अद्ययावत करणे' असं लेखाशीर्ष. त्यापुढे गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने. पुढच्या वर्षाच्या रकान्यात आठ आकडी रक्कम. गेल्या वर्षाच्या रकान्यात 'निरंक'. अशी पुस्तकं काकांच्या कपाटात ओळीने लावलेली आहेत.

सुरुवातीला काकांनी प्रामाणिकपणे झगडून पाहिलं. पहिला प्रश्न आला, हा खर्च भांडवली की महसुली? रस्ता केला तर भांडवली, त्यातला खड्डा बुजवला तर महसुली, हे शेंबडं पोरही सांगेल. सॉफ्टवेअरचं काय? मुख्य लेखाधिकारी म्हणाले, भांडवली असेल तर मालमत्ता दिसली पाहिजे. काकांनी नमुन्याची एक सीडी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, तिच्यात स्वतःचा चेहरा पाहिला, केस सारखे केले आणि विचारलं, "एवढ्याला दोन कोटी?" पुढच्या वर्षी काकांनी महसुलीत टाकून पाहिलं, तर महसुली खर्चाला कात्री लावा असं शासनाचं परिपत्रक आलेलं. मग पुन्हा भांडवली. ते आजतागायत.

त्यानंतर स्थायी समिती. मी तेव्हा पत्रकार कक्षात होतो, म्हणून हे ऐकीव नाही. विषय पुकारला गेला. एका ज्येष्ठ सदस्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"सभापती महोदय, हे जे सॉफ्टवेअर आहे ते कुठल्या प्रभागात बसवणार, याचा प्रशासनाने खुलासा करावा."

काका उभे राहिले. "सर्व प्रभागांसाठी आहे, साहेब."

"सर्व म्हणजे कुठेच नाही. माझ्या प्रभागात नेमकं कुठे?"

"तसं ते दिसत नाही, साहेब."

"दिसत नाही?" सदस्यांनी सभागृहाकडे पाहिलं. "मग लोकार्पण कशाचं करायचं?"

दुसऱ्या एका सदस्या खरोखरच जाणून घ्यायच्या इच्छेने म्हणाल्या, "पण मग लोकांना फायदा काय होणार?"

"मॅडम, कामगारांचे पगार वेळेवर होतील. बिलं वेळेवर निघतील. दाखले वेळेवर मिळतील."

"ते तर आताही होतंय की."

काकांना बोलता येईना. होत होतं हे खरंच होतं. पगार महिन्याच्या एक तारखेला होत होते, कारण अठ्ठावीस तारखेपासून काका घरी जात नव्हते. सहावा वेतन आयोग आला, सातवा आला, महागाई भत्त्याची टक्केवारी वर्षातून दोनदा बदलली, प्रत्येक वेळी काकांनी त्या जुन्या कोटाला नवीन ठिगळ लावलं आणि तो कुणाला फाटका दिसू दिला नाही. माझं स्पष्ट मत आहे की नवीन सॉफ्टवेअर न येण्याला राजकारण्यांहून काका अधिक जबाबदार आहेत. त्यांनी एकदा, फक्त एकदा, पगार चुकू दिला असता तर दुपारपर्यंत निधी मिळाला असता. मी हे त्यांना बोलूनही दाखवलं. ते दुखावले. म्हणाले, "झाडूवाल्या बायकांचे हप्ते असतात हो एक तारखेला."

विषय तहकूब झाला. पुढल्या सभेत दफ्तरी दाखल.

आता मूळ मुद्दा. खर्च होत नसेल तर तरतूद दरवर्षी का होते? हे कोडं उलगडायला मला बरीच वर्षं लागली, आणि उलगडलं तेही फेब्रुवारी महिन्यात काकांच्या खोलीत बसल्यावर.

महापालिकेच्या संसारात वर्गीकरण नावाची एक सोय आहे. एका लेखाशीर्षावर पैसे पडून आहेत, दुसरीकडे कमी पडताहेत, तर रीतसर ठराव करून इकडचे तिकडे वळवायचे. मार्च जवळ आला की प्रभागाप्रभागांतून राहिलेली कामं वर येतात. गटार राहिलं, बाकडी राहिली, कुणाच्या तरी स्वागत कमानीला रंग द्यायचा राहिला. पैसे कुठून आणायचे? रस्त्याच्या शीर्षातून काढले तर रस्तेवाले भांडतात. पाण्याच्या शीर्षाला हात लावला तर वर्तमानपत्रं ओरडतात. मग जिथून काढल्यावर कुणीच ओरडणार नाही असं एखादं शीर्ष लागतं. मोठ्या रकमेचं, ऐकायला आधुनिक, आणि मार्चपर्यंत खर्च होणार नाही याची शंभर टक्के खात्री असलेलं. बायका तांदळाच्या डब्यात पैसे लपवतात आणि ते तिथे आहेत हे घरात सगळ्यांना माहीत असतं, तसं.

फेब्रुवारीत काकांच्या दाराशी उपअभियंत्यांच्या चपलांचा ढीग असतो. त्या दिवशी एक जण फाइल घेऊन आत आला. "काका, अठरा लाख. नाल्याची भिंत."

"कुठला नाला?"

"शाळेमागचा."

काका थांबले. शाळेमागच्या नाल्यात दोन वर्षांपूर्वी एक पोरगं पडलं होतं, सुदैवाने वाचलं. "त्याला घे," म्हणाले, आणि फाइलवर अभिप्राय लिहिला. हस्ताक्षर सुरेख, वाक्य पाठ. 'सदर लेखाशीर्षावरील तरतूद चालू आर्थिक वर्षात खर्ची पडण्याची शक्यता दिसून येत नाही. वर्गीकरणास या विभागाची हरकत नाही.' पुढचा कमानीच्या रंगासाठी आला होता. त्याला काकांनी अर्धा तास बसवून ठेवलं, यूपीएसच्या बॅटऱ्या मरायला टेकल्यात हे तीनदा ऐकवलं, आणि बॅटऱ्यांचं वचन घेऊनच सही केली. महापालिकेच्या संगणक विभागाच्या बॅटऱ्या पथ विभागाने दिलेल्या आहेत, स्टॅबिलायझर मलनिस्सारणचा आहे आणि एसीची सर्व्हिसिंग उद्यान विभाग करून देतो. हे बाहेर कुणाला सांगू नका.

या तरतुदीची किंमत कळायला एक प्रसंग ऐकला पाहिजे. मध्यंतरी एक कडक आयुक्त आले. त्यांनी पुस्तक चाळलं, 'निरंक'ची रांग पाहिली आणि तांबड्या शाईने प्रश्न टाकला: खर्च होत नाही तर तरतूद कशासाठी? ओळ छाटून टाकली. मार्चमध्ये सभागृहात हाहाकार. सत्ताधारी आणि विरोधक, ज्यांचं आयुष्यात एकमेकांशी पटलं नव्हतं, ते एका सुरात उठले. शहराच्या डिजिटल भवितव्याशी प्रशासन खेळत आहे. एकविसाव्या शतकात आपल्या महापालिकेला आधुनिक संगणक प्रणाली नसावी ही शरमेची बाब आहे. आधी ज्यांनी लोकार्पणाचं विचारलं होतं त्यांचा तर कंठ दाटून आला. एकमताने उपसूचना, तरतूद पूर्ववत, शिवाय वर दोन कोटी. सॉफ्टवेअरविषयी इतकं कळकळीचं भाषण मी त्या सभागृहात पुन्हा ऐकलं नाही. काका मागच्या बाकावर शांत बसून होते. वर्गीकरण पुढच्या फेब्रुवारीत सुरळीत झालं.

बाहेरून पैसा आला नाही असंही नाही. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची जेएनएनयूआरएम योजना आली. रस्ते-पाण्याला पैसे हवेत तर ई-गव्हर्नन्स आणा आणि दुहेरी नोंद पद्धतीने हिशेब ठेवा, अशी तिची अट. कल्याण-डोंबिवलीने हे काम आधीच करून दाखवलं होतं, राज्यभर त्यांचा दाखला दिला जायचा. तेव्हा अभ्यास दौरा निघाला. काका वही भरून टिपणं घेऊन आले. बाकीचे येवल्याच्या पैठण्या घेऊन आले. कल्याणला जाताना येवला कुठे लागतं, हा प्रश्न लेखापरीक्षणातही सुटलेला नाही. यथावकाश ग्रॅनाइटच्या काउंटरचं झकास नागरी सुविधा केंद्र झालं, टोकनचं यंत्र लागलं, फीत कापली गेली. काउंटरमागचा लिपिक अर्ज घ्यायचा आणि शिपायाबरोबर काकांकडे पाठवायचा. काका चार नंबर दाबायचे. दुहेरी नोंदीचं काम एका सीए फर्मला दिलं. ती दरवर्षी सप्टेंबरात येते, काकांकडून एकेरी नोंदी घेते आणि एक्सेलमध्ये दुहेरी करून देते.

मग २०१५ च्या जूनमध्ये स्मार्ट सिटी. शंभर शहरं, प्रत्येकाला केंद्राकडून पाच वर्षांत पाचशे कोटींपर्यंत. सल्लागार नेमले. ब्लेझरमधली मुलं काकांसमोर आठवडेच्या आठवडे बसली. काकांनी मेहनतीने सगळं सांगितलं, कुठलं बिल कुठून कुठे जातं, कुणाच्या सहीवाचून कुठे अडतं. काही महिन्यांनी ते काकांनाच इंग्रजीत, रंगीत, स्पायरल बाइंडिंगमध्ये वाचायला मिळालं. निष्कर्ष असा की प्रणाली कालबाह्य असून तातडीने बदलावी. सल्लागारांची फी कुठल्या शीर्षातून गेली हे सांगायला नकोच.

पुढे निविदा निघाली. एकच आली, म्हणून मुदतवाढ. दोन आल्या, पैकी एल-वनचा, म्हणजे सगळ्यांत कमी बोली लावणाऱ्याचा, दर इतका कमी की आयुक्तांना भीती वाटली. फेरनिविदा. आचारसंहिता. आयुक्तांची बदली. दरम्यान पैसे पडून राहायला नकोत म्हणून कमांड अँड कंट्रोल सेंटर उभं राहिलं. भिंतभर पडदे, त्यावर शहरातले चौक. मंत्री आले, बटण दाबलं, टाळ्या झाल्या. काका मला म्हणाले, "भिंत असली की निधी येतो, पत्रकारसाहेब. मी लेखा प्रणालीला भिंत कुठून आणू?"

काकांच्या कपाटात 'परदेश' नावाची एक फाइल आहे. तिच्यात कात्रणं आणि प्रिंटआउट. न्यूयॉर्क शहराने १९९८ मध्ये कर्मचाऱ्यांच्या हजेरी-पगाराची 'सिटीटाइम' ही प्रणाली करायला दिली तेव्हा अंदाज होता सहा कोटी तीस लाख डॉलरचा. आकडा सत्तर कोटींच्या घरात गेला, माणसं तुरुंगात गेली, २०१२ मध्ये कंत्राटदार कंपनीने पन्नास कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. हे वाचून काकांच्या चेहऱ्यावर हेवा उमटतो. "आपल्याकडे घोटाळा व्हायलाही आधी खर्च व्हावा लागतो ना."

बर्मिंगहॅमचं कात्रण वेगळ्या भावनेने जपलेलं. युरोपातल्या सगळ्यांत मोठ्या नगर परिषदांपैकी एक. तिने एप्रिल २०२२ मध्ये जुनी लेखा प्रणाली बदलून नवी सुरू केली. सुमारे दोन कोटी पौंडांचा मूळ अंदाज दहा कोटींच्या पलीकडे गेला आणि ५ सप्टेंबर २०२३ ला परिषदेने आपण आर्थिक अडचणीत असल्याची कायदेशीर नोटीस काढली. आता त्यात महिला कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाच्या थकलेल्या दाव्यांचं ओझं फार मोठं होतं, पण तेवढा परिच्छेद काका जरा हळू आवाजात वाचतात. त्यांचं मन अडकलंय ते दुसऱ्याच ओळीत. नव्या प्रणालीत बँकेचा ताळमेळ लागेना, म्हणून माणसं बसवून हाताने नोंदी जुळवाव्या लागल्या.

"हाताने!" काका म्हणाले. "म्हणजे तिथेही कुणीतरी असणार हो, अठ्ठावीस तारखेपासून घरी न जाणारा."

२०२४ मध्ये काका अठ्ठावन्न वर्षांचे झाले आणि निवृत्त झाले. तेव्हा सभागृहाची मुदत संपून प्रशासक होते, त्यामुळे भाषणं कमी आणि निरोप समारंभ आटोपशीर. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. अतिरिक्त आयुक्तांनी काकांच्या सेवेला साजेशी नवी प्रणाली लवकरच येईल असं जाहीर केलं. "यंदा भरीव तरतूद आहे," ते म्हणाले, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी खोकलं.

महिनाअखेरीस पगारबिल काढायला नवा ऑपरेटर बसला. ही प्रणाली महिन्याच्या शेवटी इंग्रजीत एक प्रश्न चार वेळा विचारते. पहिल्या तीन वेळा 'नाही' म्हणायचं आणि चौथ्यांदा 'हो'. असं का, हे १९९५ मध्ये काकांना माहीत होतं. पोरगा शिकलेला होता, त्याने प्रश्न वाचला आणि जे बरोबर वाटलं ते उत्तर दिलं. रात्री साडेदहाला काकांच्या घरासमोर महापालिकेची गाडी उभी होती.

पेन ड्राइव्हमुळे पगार झाले. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, यायला हरकत नाही, पण ऑर्डर काढा. मानधनावर सहा महिने. इथे पुन्हा जुनाच प्रश्न उभा राहिला: पैसे कुठून? आस्थापना खर्च पस्तीस टक्क्यांच्या आत ठेवायचं शासनाचं बंधन, आणि आमच्याकडे तो कधीच वर गेलेला. मानधनाच्या शीर्षात दमडी नाही. लेखाधिकारी हताश झाले. काकांनी सवयीने खिशातला कागद काढला, उलगडला, बोट टेकवलं.

"पण काका," लेखाधिकारी म्हणाले, "हे भांडवली शीर्ष आहे."

"मग?"

"माणूस भांडवली कसा दाखवायचा?"

काकांनी टिपणी स्वतः लिहिली. कालबाह्य प्रणाली नवी येईपर्यंत कार्यरत ठेवणे हा अद्ययावतीकरणाचाच अविभाज्य भाग असून त्यापासून महापालिकेस एका वर्षाहून अधिक काळ लाभ मिळणार असल्याने, वगैरे. आयुक्तांनी प्रशासकांकडे शिफारस केली. प्रशासकांनी आयुक्तांची शिफारस मान्य केली. दोघे एकच गृहस्थ असल्याने टपाल वेळेत पोचलं. सहा महिने संपले, मुदतवाढ झाली, पुन्हा झाली.

परवा गेलो तर चपलांच्या ढिगात लेखापरीक्षण विभागाची एक जोडी होती. आत काका पेन सरसावून आक्षेपाचं अनुपालन लिहीत होते. आक्षेप असा: 'भांडवली लेखाशीर्षातून खर्च झालेला असूनही सदर मालमत्तेची जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद आढळून येत नाही, तसेच मालमत्तेवर क्रमांक टाकलेला नाही.'

"क्रमांक टाकायला माझी हरकत नाही," काका परीक्षकांना सांगत होते, "फक्त तो शर्टाच्या आतल्या बाजूने टाका. पण नोंद घेतली की दुहेरी पद्धतीत घसारा लावावा लागेल. तो किती टक्क्यांनी लावणार, ते आधी ठरवा."

परीक्षक दर्यादिल होते. "इमारतीचा लावू, काका. तुमचं आयुष्य जास्त धरू."

"नको," काका म्हणाले, "इमारत गळते. फर्निचरचा लावा."